चार माठांतले चार स्पीकर

परवा तुमच्या बाबानं फोटो पाठवले. तुमच्या नव्या घराच्या बैठकीत चार कोपऱ्यांत बसवायचे छोटे स्पीकर. काही काळे, काही पांढरे, एक तर अगदी मुठीएवढा. खाली तुम्ही दोघांनी लिहिलं होतं, "आजी, कोणते घ्यायचे ते तू सांग. तुझ्याकडे म्हणे पूर्वी चार स्पीकर होते."

तुम्ही गमतीनं लिहिलंत हे मला कळतं. मेहकरच्या घरात आजोबांनी माठात स्पीकर बसवले होते, एवढं बाबानं तुम्हाला कधीतरी सांगितलं असेल. त्यालाही तेवढंच ठाऊक आहे. तो तेव्हा जन्मला नव्हता, आणि तो जन्मला तोवर ते माठ घरातून गेले होते.

चार स्पीकर होते हे खरं आहे. ते कसे निवडले ते क्रमानं लिहिते, कारण मला क्रमानंच लिहिता येतं. तुमच्या निवडीला त्याचा उपयोग होणार नाही. पण तुमच्या आत्याबद्दल तुम्ही मला तीन वेळा विचारलंत आणि तिन्ही वेळा मी "तिला जन्मापासून ऐकू येत नाही" एवढं लिहून विषय बदलला. उरलेलं सगळं या स्पीकरांच्या गोष्टीतच आहे.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी तुमची आत्या जन्मली. आजोबा मेहकरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत आणि मी इंग्रजी. मी अमरावतीला बी.ए. झालेली, त्यामुळे गावात माझी ओळख "इंग्रजीच्या बाई" अशीच होती. बाजारातल्या एका आडत दुकानाच्या वरची माडी आम्ही भाड्यानं घेतली होती. खालचं दुकान दगडी, वरची जमीन मात्र सागवानी फळ्यांची. स्वयंपाकघरात सासूबाईंनी पाट्यावर वरवंटा फिरवला की बैठकीतल्या फडताळातल्या बशा किणकिणत. पाहुणे दचकत. आम्हाला त्याची सवय होती, म्हणून त्या किणकिणीकडे आमचं कधी लक्षच गेलं नाही.

आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. आत्या दोन वर्षांची झाली होती. मी वह्या तपासत होते, तेव्हा त्या शेजारी येऊन बसल्या.

"सूनबाई, एक सांगू काय तुले? रागावू नोको."

"सांगा ना."

"पोरीले आयकू येत नाई."

मी म्हटलं, ती खेळात दंग असते, आपल्याच नादात असते.

"मंग मांघा मी परात पाडली तवा काऊन नाई पाह्यलं तिनं? मांजर पयालं. हे हालली बी नाई." मग थांबून म्हणाल्या, "जनमली तवा सुईनीनं ताट वाजवलं. मी पाह्यत होतो. ते दचकली नाई. म्या कोनाले सांगतलं नाई."

त्यांनी मधात वेखंड उगाळून तिच्या जिभेला लावायला सुरुवात केली होती, बोलणं यावं म्हणून. मी ते पाहून न पाहिल्यासारखं करत होते. त्या दिवसापासून वेखंड मीच उगाळून देऊ लागले.

आम्ही तिला अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. ते वयस्कर होते, बोलणं मोजकं. तिच्या मागे उभं राहून त्यांनी टाळ्या वाजवल्या, किल्ल्यांचा जुडगा हलवला आणि एक चिठ्ठी लिहिली. मोठ्या शहरात नेऊन यंत्रावर तपासून घ्या, म्हणाले. थोडंफार ऐकू येत असेल तर कानाचं यंत्र लावता येईल, बोलायला शिकवता येईल. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण हे आत्ताच. चौथं-पाचवं वर्ष उलटलं की मेंदूची बोलणं शिकायची वेळ निघून जाते. मग यंत्राचाही फारसा उपयोग होत नाही."

परतीच्या एसटीत आजोबा ती चिठ्ठी उलगडून पुन्हा पुन्हा वाचत होते. खामगाव मागे पडल्यावर म्हणाले, "टाळ्या वाजवणं म्हणजे काय तपासणी झाली? आवाज कुठून आला, किती मोठा होता, काही मोजलं का त्यांनी?" त्यांचं म्हणणं असं की शहरातलं यंत्र तरी दुसरं काय करणार. ठरलेल्या दिशेनं ठरलेला आवाज देणार आणि मूल वळतं का ते पाहणार. ते घरी करता येईल. ती वळली तर पोरीच्या कपाळावर शिक्का मारायला एवढ्या लांब कशाला जायचं?

मी विरोध केला नाही. मलाही तो शिक्का नको होता.

अशी चार स्पीकरांची कल्पना निघाली. आमच्या रेडिओला मागच्या बाजूला जादा स्पीकर जोडायची सोय होती. चार कोपऱ्यांत चार छोटे स्पीकर, मधे बटणांची एक फळी. एका वेळी एकच कोपरा बोलणार. मूल खोलीच्या मधोमध बसवायचं आणि पाहायचं. गावात मात्र सांगायचं की मास्तरांना गाण्याचा नाद लागला आहे.

बसस्टँडजवळ एक रेडिओ दुरुस्तीवाला होता. त्याच्या टेबलावर कायम दोन-तीन रेडिओ पाठ उघडी टाकून पडलेले असत आणि तो त्यांच्याशी बोलल्यासारखा गिऱ्हाइकाशी बोले.

"चार स्पीकर? एका रेडिओले?" त्यानं डोळ्याचं भिंग काढलं. "घरी टुरिंग टाकीज काढून राह्यले काय, गुरुजी?"

"चारी बाजूंनी गाणं ऐकावं म्हणतो."

"का बाई बोलते ते आयकू येऊ नये म्हून हे सारं?"

बाकावर बसलेले दोघे-तिघे हसले. मीही हसले. मी कडेवर आत्याला घेऊन उभी होते, आणि "आयकू येऊ नये" हे शब्द त्याच्या तोंडून निघाले तेव्हा मी तिचं डोकं माझ्या खांद्यावर दाबलं, जणू ते तिच्या कानावर पडू नयेत म्हणून.

त्यानं सल्ला दिला तो चांगला होता. मोठे स्पीकर घेऊ नका, चार मोठे झाले की रेडिओचा दम तुटतो. लहान घ्या, चारही एका मापाचे, एकाच पेटीतले. निवड खामगावच्या दुकानात होईल.

खामगावला आम्ही तिघं गेलो. आजोबांच्या खिशात कागद होता, त्यावर त्यांनी काय पाहायचं ते लिहून नेलं होतं: कागदी पडदा फाटका नाही ना, बोटानं दाबला तर घासतो का, चुंबक केवढं आहे. त्यांनी दुकानदाराला एकेक स्पीकर जोडायला लावला. चारइंची, पाचइंची, सहाइंची, आणि तुलना करायला एक आठइंची. आठइंची लावला तेव्हा समोरच्या कापडवाल्यानं दुकानातून डोकं बाहेर काढलं. माझ्या छातीत तो आवाज धडधडत होता. आत्या माझ्या खांद्यावर झोपली होती. तासभर झोपून राहिली.

"लय गुनी पोरगी हाये, बाई," दुकानदार म्हणाला. "आमच्या घरची तर पतेली खडकली का उठून बसते."

मला अभिमान वाटला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. बी.ए. झालेली बाई, एवढे स्पीकर ऐकून झाल्यावरही खांद्यावर झोपलेलं मूल घेऊन उभी होती आणि तिला अभिमान वाटला.

आम्ही चारइंची घेतले. मेहकरच्या सुतारानं प्लायवूडच्या चार पेट्या करून दिल्या. आजोबांनी त्या चार कोपऱ्यांत भिंतीला उंचावर ठोकल्या. मी वही केली. आठवडाभर आधी आखून ठेवली होती. दिवस, वेळ, कोणता कोपरा, रेडिओवर काय लागलं होतं, वळली की नाही. हे रकाने आजोबांनी सांगितले. शेवटचा मी माझ्या मनानं वाढवला: कुठे बसली होती. वर्गात हजेरी घेण्याची सवय. कोण कुठे बसतं हे मला लागतं.

रोज संध्याकाळी साडेसहाला. तीन आठवडे. चौथ्या रकान्यात कधी शेतीचा कार्यक्रम, कधी बातम्या, कधी भजन. पाचव्यात खालपर्यंत "नाही".

आजोबांनी दोष स्पीकरला दिला. "चारइंची किरटा बोलतो. मला स्वतःला त्यात वजन वाटत नाही, तर तिला काय वाटणार?" ते परत खामगावला गेले, या वेळी एकटेच, आणि बदलून पाचइंची आणले. पेट्या लहान पडल्या. दुरुस्तीवाला म्हणाला, "पेटी सोडा, गुरुजी. कुंभाराकून तोंडाच्या मापाचे माठ आना. मडक्यात आवाज फुगते. लग्नाचा ब्यांड बसवल्यावानी."

हे त्या काळी बरेच लोक करत. माठाच्या तोंडावर स्पीकर पालथा बसवायचा, कडेनं मेण भरायचं. कुंभारवाड्यात आजोबा रुमालात स्पीकर गुंडाळून घेऊन गेले आणि माठामागून माठ बोटाच्या पेरानं वाजवून पाहू लागले. कुंभारीण कमरेवर हात ठेवून पाहत होती.

"पानी नाई भरनार यात?"

"गाणं भरणार," आजोबा म्हणाले.

"झिरपन बाप्पा. सांगून ठेवतो, मंग मले बोलू नोका."

चार माठ एकाच सुराचे मिळायला त्यांना दीड तास लागला. एवढे आनंदात मी त्यांना त्या वर्षभरात पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या वळून चार चुंबळी केल्या, माठ लवंडू नयेत म्हणून. प्रत्येक माठाखाली एक जाड, मऊ कडं. माठ चार कोपऱ्यांत बसले. आवाज खरोखर भरदार झाला. आमच्या खालचे आडते जिन्यातून वर येऊन ऐकून गेले.

आठ दिवस वहीत "नाही" लागत राहिलं.

नवव्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा माठ उघड्या फळ्यांवर ठेवलेले होते. पाण्याच्या माठांखालच्या चुंबळी कुजल्या म्हणून सासूबाईंनी या चार काढून नेल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "गान्याच्या मडक्याले कायले पाह्यजे चुंबळ? ते काय गयते?"

त्या संध्याकाळी भजन लागलं होतं, मृदंग जोरात होता. आत्या खोलीच्या मधे फळ्यांवर बसून माझ्या बांगड्या एकात एक अडकवत होती. आजोबांनी तिच्या पाठीमागच्या कोपऱ्याचं बटण दाबलं. तिचे हात थांबले. तिनं जमिनीकडे पाहिलं, मग मान वळवून मागच्या माठाकडे. उठली, डुलत डुलत गेली आणि दोन्ही हातांनी माठाला मिठी मारून त्यावर गाल टेकवला. आणि हसली. मोठ्यानं, त्या तिच्या चिरक्या आवाजात.

आजोबा खाली बसले. मी वहीत "होय" लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. कशाचे ते सांगितलं नाही.

डॉक्टरांची चिठ्ठी मी फायलीत ठेवून दिली.

पुढचे दहा महिने आमच्या घरातले सगळ्यात सुखाचे होते. रोज साडेसहा वाजता ती स्वतः येऊन खोलीच्या मधे बसे आणि वाट पाही. बटण दाबलं की वळे. कधी चुकीच्या कोपऱ्याकडे वळे. "लहान आहे," आजोबा म्हणत. सासूबाईंचं समाधान झालं नव्हतं.

"मडकं आयकू येते, अन् मायची हाक काऊन नाई आयकू येत?"

"माय, तिला आधी जड आवाज येतात. बारीक मागून येतील."

"कोन्या पुस्तकात लिवलं हाये हे?"

"येईल लिहून."

"हाव. तूच लिव," असं म्हणून त्या नातीला भरवायला घेऊन जात. त्या तिच्याशी बोलताना तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवत आणि मगच घास दाखवत. आमच्या घरात त्या मुलीशी नीट बोलणारं माणूस ते एकच होतं.

काही दिवशी "नाही" असे. ताप आला तेव्हा, मी मांडीवर घेऊन बसले तेव्हा, गारठ्यात गोधडी अंथरली तेव्हा. ते सगळं माझ्या शेवटच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मांडीवर, नाही. गोधडीवर, नाही. मांडीवर, नाही. फळीवर, होय. मी रोज लिहीत होते. वर-खाली वाचलं एकदाही नाही.

मग दिवाळी आली. साफसफाईत सासूबाईंनी नव्या चुंबळी वळल्या आणि सणाच्या दिवसांत मडकं उघड्या जमिनीवर नको म्हणून गाण्याच्या माठांखालीही घातल्या. चार दिवस आत्या वळली नाही. साडेसहाला येऊन बसे, फळीवर तळवा टेकवे, आणि आमच्या तोंडाकडे पाही. आजोबांचं जेवण तुटलं. "ऐकणं विसरली का गं ही?" असं त्यांनी मला विचारलं, आणि मला आठवतं, त्यांनी ते कुजबुजत विचारलं, तिला कळू नये म्हणून.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं चारही माठांना कान लावला. "स्पीकर तर ठनठनीत हायेत, गुरुजी. वायर सैल असन." त्यानं मागच्या कोपऱ्यातला माठ उचलला, चुंबळ मधे येत होती ती काढून मनगटात बांगडीसारखी अडकवली, तारा चाचपल्या आणि माठ खाली, फळीवर, ठेवला. रेडिओवर ढोलकी चालू होती. आत्या त्याच्याकडे पाठ करून बसली होती. ती झटकन वळली.

"हे पाह्य. सैलच होती," तो म्हणाला.

आजोबांनी डोळे पुसले. दुरुस्तीवाल्याला फराळाचं ताट आणायला मला आत पाठवलं. मी त्याच्या मनगटातल्या चुंबळीकडे पाहत होते. आत जाता जाता मी खाली वाकले आणि फळीवर तळहात ठेवला.

फळी ढोलकीबरोबर थरथरत होती.

ताट देऊन झाल्यावर मी वही काढली आणि शेवटचा रकाना पहिल्यांदा वरून खाली वाचला. पाच मिनिटांचं काम होतं. त्यानंतर मी उरलेल्या तीन माठांखालच्या चुंबळी काढल्या, दुरुस्तीवाल्यानं खिडकीत ठेवलेली चौथी घेतली, आणि चारही ट्रंकेत स्वेटरांच्या तळाशी ठेवल्या. सासूबाईंनी विचारलं तर सांगितलं, उंदरानं नेल्या.

का, हे तुम्ही विचाराल. मीही विचारत आले. त्या संध्याकाळी बैठकीत तुमचे आजोबा तिला खांद्यावर घेऊन नाचत होते. मी ठरवलं, दिवाळीची सुट्टी संपली की सांगेन. मग सहामाहीचे पेपर होते. मग संक्रांत. मग वार्षिक परीक्षा, निकाल, उन्हाळा. डॉक्टरांनी सांगितलेलं चौथं वर्ष मला तोंडपाठ होतं. मी माणसांची वयं विसरत नाही. ती चार वर्षांची झाली तो दिवस मी कॅलेंडरवर पाहिला आणि पान उलटलं. रोज साडेसहाला वही घेऊन बसले. रोज "होय" लिहिलं. त्यातलं एकही खोटं नाही. ती रोज वळत होती.

आठ महिने.

नववीला ध्वनीचा धडा शाळा उघडल्यावर असे. ट्युनिंग फोर्क, म्हणजे धातूचा दुपाखी चिमटा, आपटायचा, कानाजवळ धरायचा, मग त्याचं टोक टेबलावर टेकवायचं की टेबल बोलू लागतं. आजोबा हे दर वर्षी करून दाखवत. त्या वर्षी ते भर दुपारी घरी आले. चिमटा खिशातच होता. मला त्या दिवशी रजा होती. त्यांनी आल्या आल्या गोधडी चारपदरी घडी करून खोलीच्या मधे घातली, आत्याला तिच्यावर बसवलं, आणि चारही बटणं एकदम दाबली. आवाज एवढा होता की खालून आडत्यानं हाक मारली. आत्या गोधडीच्या टाक्यांवर बोट फिरवत राहिली.

मग त्यांनी तिला उचलून फळीवर बसवलं. ती चारी माठांकडे पाहून टाळ्या पिटू लागली.

त्यांनी रेडिओ बंद केला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना माझ्या तोंडावर आश्चर्य दिसलं नाही.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

ते चिमटा हातात फिरवत बसले. "मीच शिकवतो हे," ते म्हणाले. "दर वर्षी मीच शिकवतो." मला मात्र त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही, मरेपर्यंत नाही. बोलले असते तर मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

सासूबाईंनी आत्याला जेवायला उचलून नेलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "आता तरी घेऊन जा रे तिले."

आम्ही नेलं. शहरातल्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, थोडंसं ऐकणं शिल्लक आहे. मग वय विचारलं आणि फॉर्मवर लिहिलं. ते लिहिताना त्यांचं पेन थांबलं नाही. मी पाहत होते. छातीवर अडकवायची यंत्राची डबी मिळाली. तिला त्यातून काय येत होतं कोण जाणे, ती डबी ओढून काढी आणि रडे. मुक्या-बहिऱ्यांच्या एका शाळेत तीन वर्षं ठेवलं. त्या काळी तिथे मुलांनी हातवारे करायचे नाहीत, ओठ पाहून बोलायलाच शिकायचं, असा नियम होता. तिच्याबरोबरची, वयाच्या तिसऱ्या वर्षी तिथे आलेली एक मुलगी "आई, पाणी" म्हणत असे. आमची मुलगी हात मांडीखाली दाबून बसायला शिकली. तीन वर्षांनी तिथल्या बाईंनी मला बाजूला नेऊन समजावलं की घरीच ठेवा, कामाला चांगली आहे.

दोन वर्षं आधी आणलं असतं तर काय झालं असतं, हे मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. दिवाळीनंतरच्या आठ महिन्यांपुरतं तरी ते माझ्या एकटीचं आहे.

स्पीकर आजोबांनी काढून दुरुस्तीवाल्याला देऊन टाकले. त्यानं काही विचारलं नाही, विनोदही केला नाही. तोवर गावाला कळलं होतं. माठ कुंभारीण घेऊन गेली. त्यानंतर वर्षभर आत्या साडेसहाला खोलीच्या मधे येऊन बसत असे आणि फळीवर तळहात टेकवत असे. मग तिनं आजोबांसाठी, म्हणजे तिच्या बाबांसाठी, तीच खूण केली. तळहात जमिनीवर, बोटं पसरून. बाबा कुठे, बाबांना बोलाव, बाबा आले. सगळं त्यात.

आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली. ती अजून कधीकधी संध्याकाळी फरशीवर हात टेकवते आणि माझ्याकडे पाहते. मी आकाशाकडे बोट दाखवते. तिला ते पटत नाही. आकाश थरथरत नाही. ती पुन्हा टेकवते.

आता जे सांगायचं होतं ते. तिची आणि माझी जी भाषा आहे ती शाळेतली नाही, कुठल्या पुस्तकातली नाही. ती आमच्या घरात झाली आणि ती येणारी तीन माणसं होती. सासूबाई गेल्या, आजोबा गेले. मी उरले. तुमचा बाबा लहानपणीच बोर्डिंगला गेला, त्याला जेवण, झोप, ये, जा एवढंच येतं. मी गेले की ती कोणाशीच बोलू शकणार नाही. तिला काय दुखतं, कोणाची आठवण येते, कशाची भीती वाटते, हे विचारणारं कोणी राहणार नाही. ती माझ्यापेक्षा तेवीस वर्षांनी लहान आहे आणि प्रकृतीनं धडधाकट.

म्हणून मी ती जुनी वही काढली आहे. मागची पानं कोरी होती. तिथे नवे रकाने आखले: खूण, अर्थ, केव्हा करते. एकशे बारा खुणा झाल्या. काल वाचून पाहिल्या. "उजवी मूठ छातीशी, दोनदा, सावकाश" असं लिहिलं आहे, आणि समोर "पोटात दुखतं". पण भूक लागली तरी ती तेच करते, फक्त डोळे वेगळे असतात. डोळ्यांचा रकाना मला भरता येत नाही. तुमच्यापैकी कोणी ही वही वाचून तिच्यासमोर बसलं, तर ती मान वाकडी करून पाहील आणि उठून जाईल. हे मला लिहिताना कळत होतं. तरी लिहिते आहे, कारण दुसरं काय करायचं ते मला येत नाही.

स्पीकर कोणतेही घ्या. चारही एका मापाचे, एकाच पेटीतले घ्या. आजोबांनी हेच सांगितलं असतं.

एकशे तेरावी खूण मी आज सकाळी लिहायला घेतली होती: आई. अर्थाच्या रकान्यात शब्द लिहिला आणि खूण आठवू लागले. तिच्याकडे माझ्यासाठी खूण नाही. मी कायम समोर असते, त्यामुळे तिला कधी लागली नाही; हवी असले की पदर ओढते. तो रकाना रिकामा ठेवला आहे. मी नसताना ती मला कशी विचारेल, ते मला माहीत नाही.